तिरडीचा एकच बांबू

आधीच सांगते, भूत-प्रेत, आत्मा-बित्मा असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नाही... आजही नाही. आमचं घर बौद्ध, अंगारे-धुपारे कधी उंबऱ्याच्या आत आलेच नाहीत. मी जनरल सर्जन, ब्रह्मपुरीत आमच्या दवाखान्याचा आयसीयूही मीच बघते. तरी हे लिहितेय, कारण ते डोक्यातून जात नाही आणि त्याचा मला राग येतो!

गेल्या पावसाळ्यात कुरखेड्याकडच्या एका गावातून सुखदेवला सकाळी जीपमध्ये टाकून आणलं. घरात जमिनीवर निजला होता, मण्यार चावली. श्वास जवळजवळ बंद. मी लगेच घशात नळी टाकली, व्हेंटिलेटर लावला, विषावरचं इंजेक्शन सुरू केलं. मण्यारीचं विष महालबाड. हात-पाय, पापण्या, बुबुळं... सगळं लुळं पडतं. माणूस हुबेहूब मेल्यासारखा दिसतो, पण आत शाबूत असतो, ऐकतही असतो.

हे त्याच्या मोठ्या भावाला, मारोतीला, समजावून समजावून माझा घसा बसला. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यानं सुखदेवची पापणी उचलून पाहिली. बुबुळ हललं नाही.

"मेला जी हा, मॅडम. मशीन काऊन चालवून राह्यल्या? नेऊ द्या आमाले घरी."

"हृदय चालू आहे त्याचं! मी इथे असेपर्यंत नळी निघणार नाही. काय करायचं ते करा."

"मंग मी तयारी करतो," म्हणत तो रडत गावाकडे गेला. मला असा संताप आला होता! जिवंत माणसाची कसली तयारी? पण संध्याकाळी तो परत आला आणि त्यानंतर घरी नेण्याचं नावच काढेना. मला वाटलं, चला, समजलं एकदाचं.

काही दिवसांनी सुखदेवची बोटं हलली, मग पापण्या. नळी काढली तेव्हा मारोती शेजारीच उभा होता. सुखदेवचं पहिलं वाक्य, घोगऱ्या आवाजात —

"दादा, माह्या बेटातला बांबू काऊन तोडला?"

मारोती पांढराफटक पडला. मी हसले. म्हटलं, "अहो, ह्याला सगळं ऐकू येत होतं. तुम्हीच बोलला असाल इथे."

"नाई जी, मॅडम. तिरडीसाठी तोडला होता. लाज वाटली, कोणाले सांगतलंच नाई."

"मी तिथीच होतो," सुखदेव म्हणाला. "नको तोडू, नको तोडू, बोंबलून राह्यलो होतो. यानं ऐकलंच नाई!"

मारोती ढसाढसा रडायला लागला.

"ऐकलं ना बाबू... तुहाच आवाज होता. म्हून एकच तोडला. दुसऱ्याले कुऱ्हाड लावलीच नाई, तशीच फेकून पळत आलो."

तिरडीला दोन बांबू लागतात.

त्या दुपारी सुखदेवची जीभसुद्धा हलत नव्हती. घशात नळी असलेला माणूस ओरडू शकत नाही, आणि ती नळी मी स्वतः टाकली होती. मी शेजारच्याच खाटेवरचा पेशंट बघत होते, सुखदेव समोर होता... चांगला जिवंत! मग गावात कोण ओरडलं? मला माहीत नाही. कोणाकडे धड उत्तर असेल तर जरूर सांगा, आत्म्याच्या गोष्टी मात्र मला ऐकवू नका. आणि मण्यार चावलेला माणूस कितीही मेल्यासारखा दिसू दे, बांबू तोडायला जाऊ नका... प्रत्येकाला ओरडता येईलच असं नाही.