फोनवरचे विश्वस्त

घाटकोपर भागातल्या एका पोलीस ठाण्यात मी वरिष्ठ निरीक्षक होतो, त्या काळातली ही घटना अजून मनातून गेलेली नाही. नावं कुणाचीच देत नाही.

सकाळची हजेरी आटोपून मी टपाल बघत होतो. माहुलची एक कोळीण थेट केबिनमध्ये आली आणि तिने मोबाईल माझ्यापुढे धरला. पडद्यावर एका लहान मुलीचा फोटो होता. खाली मजकूर, 'या अनाथ मुलीला तुमच्याशिवाय कोणी नाही', आणि पैसे पाठवण्यासाठी क्यूआर कोड.

"साहेब, ही माजी पोरगी. अनाथ कशी? मी काय मेले?"

तिच्या एका गिऱ्हाइकाला हा मेसेज आला होता. मुलगी कर्णबधिर होती, जवळच्याच एका संस्थेच्या शाळेत शिकत होती. शाळा भाड्याच्या जागेत भरायची आणि मालकाने ती खाली करायला सांगितलं होतं. म्हणून संस्थेने स्वतःच्या इमारतीसाठी देणग्या गोळा करायला घेतल्या होत्या.

तक्रार अर्ज घेऊन मी संस्थेच्या अध्यक्षबाईंना बोलावलं. निवृत्त शिक्षिका, सगळं आयुष्य या मुलांत गेलेलं. निधी उभारण्यासाठी त्यांनी एक सल्लागार नेमला होता. फोटोखालचा मजकूर वाचून त्या ओशाळल्या. खात्याचं नाव पाहिलं आणि त्यांचा चेहराच उतरला.

"हे खातं आमचं नाही हो!"

"नेमताना चौकशी केली होतीत?"

"केली ना. बोरिवलीच्या एका रुग्णालयाचे विश्वस्त आहेत, त्यांच्याशी मी स्वतः फोनवर बोलले. किती कौतुक केलं त्यांनी आमच्या सल्लागारांचं!"

"नंबर कुणी दिला?"

"सल्लागारांनीच."

दुसऱ्या दिवशी सल्लागाराला चौकशीला बोलावलं. इस्त्रीचा शर्ट, मऊ बोलणं. सोबत मेहुणा होता, त्याला बाहेर बाकावर बसवलं. बाई माझ्या शेजारी होत्या, तक्रारदार म्हणून ती कोळीणही आली होती. सल्लागार कुठेच अडखळत नव्हता. माझा अनुभव असा, की खरा माणूस पोलिसांपुढे थोडा तरी गडबडतो. याची उत्तरं घरून तयार होऊन आली होती.

"कोड डिझायनरने चुकून टाकला, साहेब. आणि 'अनाथ'चं म्हणाल, तर डोळ्यांत पाणी आल्याशिवाय लोक खिशात हात घालत नाहीत. माझ्यावर शंका असेल तर बोरिवलीच्या विश्वस्तांना विचारा."

"विचारतो की," मी म्हटलं आणि बाईंकडून नंबर घेऊन ठाण्याच्या लँडलाइनवरून फिरवला.

बाहेर बाकावर फोन वाजला. दार उघडंच होतं. अनोळखी नंबर पाहून मेहुण्याला नवीन संस्था वाटली असावी. तो उठून खिडकीकडे गेला आणि भारदस्त आवाजात म्हणाला, "नमस्कार, विश्वस्त बोलतोय."

एकच आवाज मला रिसीव्हरमधून आणि दारातून ऐकू आला. हवालदाराने तोंड फिरवून हसू दाबलं. सल्लागाराने मात्र पाणी मागितलं. नंतर दोघांचे जबाब घेतले, तेव्हा खातं मेहुण्याचंच निघालं.

पण बाई गुन्हा नोंदवायला तयार होईनात. "साहेब, शाळेचं नाव पेपरात आलं तर देणगी कोण देईल? मुलांना घेऊन मी जाऊ कुठे?"

मी काही बोलायच्या आत ती कोळीणच म्हणाली, "बाई, तुमी गप बसलात तर लोक तुमालाच चोर बोलतील. मी येते तुमच्यासंगं. ज्यानी ज्यानी पैसं दिलं, त्येंच्या घरी जाव."

बाईंनी फिर्याद दिली. गुन्हा नोंदला, दोघांना अटक झाली, खातं गोठवलं. आणि खरोखरच त्या दोघी दारोदार फिरल्या. काहींनी दारातूनच परत पाठवलं, काहींनी चहा देऊन ऐकून घेतलं. जागेच्या मालकाने मुदत वाढवून दिली. इमारत उशिरा झाली, ठरली होती त्याहून एक मजला कमी.

नोकरीत मी लोभापायी फसलेली माणसं भरपूर पाहिली. ही केस वेगळी होती. चांगलं काम करणाऱ्या माणसाला समोरच्याची चौकशी करणं म्हणजे त्याचा अपमान वाटतो, आणि लबाड माणूस नेमका त्या संकोचावर जगतो, हे मी इथे शिकलो. चौकशी करायची तर आपण शोधलेल्या माणसाकडे करावी, त्याने पुढे केलेल्या माणसाकडे नाही.

मी निवृत्त झाल्यावर बाईंचा एकदा फोन आला. शाळेला वसतिगृह बांधायचं होतं आणि त्यासाठी नवीन सल्लागार बघत होत्या. त्याने आधी काम केलेल्या मुलुंडच्या एका संस्थेत त्या न कळवता जाऊन बसल्या होत्या.

"माणूस बरा वाटतो, साहेब," त्या म्हणाल्या. "पण अजून दोन ठिकाणी जाऊन येते."