विहिरीत उतरवलेला सोडा

बल्लारपूरला स्टेशनमागच्या गल्लीत शमीमबाईंचं गोटी सोड्याचं मशीन आहे. नवरा अजीमभाई गेल्यावर त्यांनीच त्याचा दांडा हातात घेतला. उन्हाळ्यात त्या पहाटेच सोडा भरतात. तापलेलं पाणी गॅस धरत नाही, एवढंच सांगतात. पण हल्ली सगळ्यांना फ्रीजमधल्या प्लास्टिकच्या बाटल्या लागतात. भंगारवाला मशीन बघून गेला होता. माझ्या लग्नाची ऑर्डर घेताना त्यांनी बाबांना सरळ सांगितलं होतं, ही नीट झाली तर मशीन ठेवीन, नाहीतर देऊन टाकीन.

आमच्याकडे लग्नाच्या जेवणानंतर सोड्याची पहिली बाटली व्याही स्वतःच्या अंगठ्याने गोटी आत दाबून फोडतो. आवाज मांडवाच्या टोकापर्यंत गेला पाहिजे. फुस्स झालं की नातवाच्या बारशापर्यंत मुलीकडच्यांना चिडवतात. म्हणून माझे बाबा, गुणवंतराव, गोटी सोड्यावरच अडून बसले होते.

लग्नाच्या दिवशी आमच्या गावाहून सोडा आणायला चुलतभाऊ रोशनचा टेम्पो गेला. रोशनची सगळी अक्कल धानावर पोसलेली. धान झाकतात, म्हणून त्याने सोड्यावरही काळी ताडपत्री घट्ट आवळली आणि वाटेत मित्राकडे जेवायला बसला. मे महिना, चंद्रपूरचं ऊन आणि वर काळी ताडपत्री! घरी येऊन ती सोडली तेव्हा आत दोन बाटल्या फुटलेल्या होत्या. बघू तरी म्हणून त्याने एक फोडली. अर्धा सोडा मांडवाच्या कापडावर उडाला आणि उरलेला तांदळाच्या धुवणासारखा बेचव लागला.

बाबांचा चेहरा उतरला. प्लास्टिकच्या बाटल्या आणायला कोणीतरी मोटरसायकलला किक मारली. तेवढ्यात शमीमबाई बसमधून उतरून आल्या, लग्नाच्या पाहुण्या म्हणून, हातात आहेराचा डबा घेऊन. टेम्पोभोवतीची गर्दी बघून सगळं त्यांच्या लक्षात आलं. एका बाटलीला हाताची मागची बाजू लावली आणि त्या टेम्पोसमोर उभ्याच राहिल्या.

"आता एकबी उघडू नका, भाऊ. गॅस गेला नाई. पाण्यातून उठून वर बसला हाय. थंड करा, वापस पाण्यात जाते."

काका हसले. गेलेली वाफ कधी परत येते का, म्हणाले. मी हळदीच्या अंगाने बाहेर आले होते. चंद्रपूरला केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. केलेली मी. गॅस पाण्यात विरघळतो तेव्हा उष्णता बाहेर पडते. म्हणून वरून उष्णता दिली की तो उलटा फिरून बाहेर येतो आणि थंड केलं की पुन्हा आत शिरतो. बाटलीचं तोंड बंद आहे तोवर दोन्ही वाटा खुल्या. त्या दोन वाटांचे दोन उलटसुलट बाण मी प्रत्येक परीक्षेत समीकरणात काढले होते, पण ते चालताना कधी पाहिले नव्हते.

"बाबा, थांबा," मी म्हणाले. "बाई बरोबर बोलून राह्यल्या."

आई, म्हणजे इंदुताई, मला आत ओढत होती. बाबांनी माझ्याकडे पाहिलं, शमीमबाईंकडे पाहिलं आणि मोटरसायकल बंद करायला लावली.

शमीमबाईंनी बाटल्या लगेच विहिरीत टाकू दिल्या नाहीत, तापलेली काच तडकली असती. आधी मोहाच्या झाडाच्या सावलीत ओली पोती पांघरली. काच निवल्यावर सोमाजी धीवराच्या मासे धरायच्या जाळ्यात बांधून त्या विहिरीत सोडल्या. मग काठावर बसून त्या दोर हळूहळू हलवत राहिल्या. झोपलेल्या लेकराची कूस बदलावी तशा बाटल्या खाली पाण्यात वळत होत्या. नवी साडी पार भिजली, पण दोर त्यांनी दुसऱ्या कोणाच्या हाती दिला नाही.

मंगलाष्टकं चालू असताना माझे कान विहिरीकडेच होते. खरं सांगते, अंतरपाटापलीकडच्या माणसापेक्षा मला त्या बाटल्यांची जास्त काळजी लागली होती.

पंगती उठल्या. व्याह्यांनी बाटली घेतली. शमीमबाई मांडवाच्या खांबाआड उभ्या होत्या, ओठ हलत होते. व्याह्यांनी गोटीवर अंगठा दाबला.

असा आवाज झाला की चुलीजवळचा आचारीसुद्धा वळून बघू लागला.

माझ्याही हातात एक बाटली आली. पाणी नितळ होतं, त्यात एक बुडबुडा नव्हता. दुपारी काच फोडू पाहणारा तो सगळा गॅस त्यातच गुपचूप बसला होता. मी गोटी दाबली आणि कुठेच काही नव्हतं तिथून बुडबुडे उठू लागले, उठतच राहिले. माझ्या अंगावर काटा आला. केवढी मोठी गोष्ट मी दोन बाणांत उरकत आले होते! नवरा विचारत होता, काय झालं. मी बाटली त्याच्या डोळ्यांसमोर धरली.

व्याह्यांनी दुसरी बाटली मागितली, मग खांबाजवळ जाऊन धाकट्या मुलाच्या लग्नाचा सोडाही शमीमबाईंनाच सांगितला.

शमीमबाईंनी ओल्या पदराने डोळे पुसले. "देते ना, भाऊ. भंगारवाल्याले नाई म्हणून सांगते," त्या म्हणाल्या. "पण लगन थंडीत काढा."