दुपट्यांचं निशाण

लढाई संपल्यावर पलटणीनं मोडीत काढलेली, जखमींना वाहून न्यायची मोटार त्यानं विकत घेतली होती. माणूस एकटा, त्या मोटारीतच राहायचा. थंडी पडली की रहिमतपुराजवळच्या आमच्या गुऱ्हाळावर येऊन मुक्काम ठोकायचा. तिथं मात्र मोटारीतल्या फळ्यांवर ऊसतोडीच्या बाया तान्ही पोरं घेऊन झोपत. हा बाहेर, रस आटवायच्या चुलवाणाशेजारी, घोंगडं पांघरून. सकाळी इंजिन सुरू करायचा आणि तापलेल्या बॉनेटवर पोरांची ओली दुपटी पसरायचा, अगदी कवायतीसारखी एका रांगेत.

मी एकदा विचारलं, "आवं, गाडी तुमची, आन् तुमीच राखंजवळ झोपताय व्हय?"

तो मिशीत हसला. "लढाईत ह्याच फळ्यांवर माणसं कण्हायची, गड्या, आन् मी गाडी हाकायचो. ते आवाज पुढं झोपूच देईनात. आता आत पोरं रडत्यात, तवा कुठं लय ग्वाड झोप लागती."

गुऱ्हाळ उठलं, मोटार निघाली. बॉनेटवर एक दुपटं राहिलेलं बघून मी हाका मारल्या. तो थांबला, खाली उतरला, आणि साहेबाच्या गाडीला निशाण लावतात तसं ते पुढच्या दांडीला बांधून ऐटीत निघून गेला.