वाऱ्यावर पाळत ठेवणारे मामा

डिसेंबरातला रविवार, आणि काम गाद्यांना ऊन दाखवण्याचं. पहिली गादी गच्चीच्या कठड्यावर टाकली तोच शेजारच्या गच्चीवरून हुकूम आला, "पोरी, उचल ती! कुंडलकडं उसाचं पाचट पेटलंय. रातच्याला धुरात झोपशील." कुंडल इथून तासाभराच्या वाटेवर आहे. पण कुणाच्या चुलीवर काय करपलं इथपासून घाटात ढग कधी अडले इथपर्यंत सगळी खबर अख्ख्या सांगलीत ज्या नाकाला सर्वांत आधी लागते, ते नाक आमच्या ह्यांच्या मामांचं आहे.

मामा फौजेतून परतले आणि त्यांनी वाऱ्यावर पाळत ठेवायला घेतली. रोज उजाडताना उदबत्ती पेटवून गच्चीवर जातात. देवासाठी नाही, धूर कुठं जातो ते बघायला. धूर सरळ वर गेला तर मामींनी फिरायला जायचं. आडवा पसरला तर खिडक्या बंद. मामींना दमा आहे. हा सगळा खटाटोप त्यांच्यासाठीच चालतो, पण मामांना तसं विचारलं तर म्हणतील, "छ्या, सवय हाय फौजेची."

पावसाळ्यात मामांसारखा सुखी माणूस नाही. "घाटावरनं धुवून येतंय वारं," म्हणत ते दारं-खिडक्या सताड उघडी टाकतात. मामी मागून भिजलेले पडदे पिळतात. उन्हाळ्यात त्यांचं वावटळींशी भांडण. त्याच दिवसांत बाजारपेठेत हळद येते, तिला पॉलिश करताना पिवळी धूळ उडते, म्हणून मामा तिकडे तोंडाला ओला रुमाल बांधून जातात. एकदा तसेच भुवयांपर्यंत पिवळे होऊन परतताना कोपऱ्यावरच्या पानवाल्यानं विचारलं, "मामा, हळद लागली की! नवरी कुठली?" मामा तडक घरी आले. मामी आठवडाभर हसत होत्या.

खरं वैर थंडीशी. "थंड हवा पाण्यावाणी असती," ते मला समजावतात, "रातभर उतारानं खाली येती आन् आपल्या नदीकाठच्या खोलगटात बसती. वर उबदार हवेचं झाकण. मग गुऱ्हाळाचा, वीटभट्टीचा, पाचटाचा धूर जाईल कुठं? हितंच लोळतोय ऊन तापस्तवर." यात खोट काढता येत नाही. आमच्याकडे थंडीत सकाळ खरोखरच घोंगडं पांघरून बसलेली असते.

यंदा मामींचा खोकला वाढला, आणि मामांनी ठरवलं की त्यांना साताऱ्याला लेकीकडे धाडायचं. लेकीचं घर डोंगराच्या उतारावर, तिथं धूर साचत नाही. बॅगही भरून झाली. त्या रविवारी मी मामांचं न ऐकता गाद्या टाकून खाली उतरले तर मामी आमच्या पायरीवर बसलेल्या. "संक्रांत झाल्यावर ये म्हणत्यात. आगं, लेकीकडं किती दिस राहू? सण माझ्या घरात करू नको का? आन् ह्यांना भाकरी कोण घालंल?" डोळ्यांत पाणी होतं, ते धुराचं नव्हतं.

बोलता बोलता मला मात्र वास आला, आणि तो कुंडलचा नव्हता. आमच्या दोन घरांमध्ये अरुंद बोळ आहे. तिथं मामांचा तांब्याचा बंब धगधगत होता. त्यांच्या आईचा. गिझरला ते घरात येऊ देत नाहीत. त्या पाण्यानं अंग भिजतं, आंघोळ होत नाही म्हणे. ओल्या ढलप्यांचा धूर भिंतीच्या उंचीपर्यंत जायचा, तिथं अडायचा आणि सावकाश मामींच्या खोलीच्या झरोक्यात शिरायचा. त्या झरोक्याला झडपच नाही.

"मामा," मी हाक मारली, "उदबत्ती घेऊन खाली या."

"खाली कशाला? वारं वर असतंय."

"या तरी."

आले. उदबत्ती बंबाशेजारी धरली. धुराची रेघ जरा वर गेली, वळली आणि झरोक्यातून थेट मामींच्या पलंगाकडे निघाली. मामा म्हणाले, "आयला, आपल्याच चौकीतनं गोळीबार."

पायरीवरून मामींनी विचारलं, "बॅग सोडू का?"

"सोड," मामा म्हणाले. "खोकला थांबला न्हाई तर मात्र जायचं. मी पण येतो संगं."

मग त्यांनी स्वतःच्या हातानं तांब्याभर पाणी निखाऱ्यांवर ओतलं. चर्र झालं. "आई लाकडं वली असली तरी फुंकून पेटवायची," म्हणत त्यांनी उरलेल्या ढलप्या उचलून बोळाच्या तोंडाशी रचल्या. मी गाद्या उलटायला वर गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आमच्या गिझरचं बटण लवकर दाबलं, बादली भरली आणि त्यांच्या मोरीत नेऊन ठेवली. मामांनी त्यात बोट बुडवलं, नाकाशी नेलं. "पाण्याला वासच न्हाई गं," म्हणाले. आत मामी भाकरी थापत होत्या. मधे एकदा खोकल्या, मग पुन्हा थापण्याचा आवाज सुरू झाला. मी दुसरी बादली आणायला गेले.