झेंडूच्या वाफ्याखालची पोकळी

मी अमरावतीच्या कॉलेजात भूगोल शिकत होते आणि त्याची मला भलतीच मिजास होती. सुट्टीत गावी आले की आईच्या झेंडूच्या वावरात उभी राहून मी तिला पृथ्वी समजावून सांगायची. ती निंदत असायची.

शेतीचं वाटोळं झालं ती वर्षं. कापसानं दगा दिला म्हणून घरानं फुलं लावली, आणि फुलं खपत होती. एखाद्या शेतकऱ्याच्या तिरडीवर, नाहीतर त्याच्या घरी सांत्वनाला निघालेल्या पुढाऱ्याच्या गळ्यात, वाटेतल्या चौकात. आमची चूल त्यावर पेटत होती, याची मला अजून शरम वाटते.

त्या वर्षी वाफ्यात सोडलेलं पाणी मध्येच एका भोकात गरगरत नाहीसं व्हायला लागलं. आईला वाटलं, घुशीचं बीळ. तिनं कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या कोंबल्या, वर माती चोपली. आठवड्यात ते पुन्हा उघडलं, आधीपेक्षा रुंद.

शेजारच्या वावरात विहिरी बांधणारे एक चाचा काम करत होते. त्यांनी भोक पाहिलं आणि सरळ नाल्यावर जाऊन काठातून निघणारं गढूळ पाणी आम्हाला दाखवलं.

"भाभी, ही खारपाण पट्ट्यातली माती. पान्यात साखरेवानी इरघळते. भेगेतून पानी खाली जाते अन् माती घेऊन नाल्यात निघते. वरचा पापुद्रा नुसता मुळायच्या भरोशावर उभा हाये. वरतून बुजवू नका. सारं फोडा, उघडं करा, मंग भरा. तोवर तिकडं पाय ठेवू नका."

फोडायचं म्हणजे ऐन बहरातल्या चार ओळी जाणार होत्या. "दसऱ्यापावतर थांबलं तं नाही जमत?" आईनं विचारलं.

"पानी थांबते काय दसऱ्यासाठी?"

मग आई माझ्याकडे वळली. "तू हेच शिकून राह्यली ना? तूच सांग."

मी सांगितलं. जमीन अशी खचते ती चुनखडीच्या प्रदेशात. पावसाचं पाणी फटींतून शिरतं, चुनखडी विरघळवतं, हजारो वर्षांत खाली गुहा तयार होते. तिचं छत पातळ होत जातं आणि एक दिवस कोसळतं. आपल्याकडे काळी माती, इथं गुहा कुठून येणार? शिवाय चाचांकडे पाहून मी हसले. त्यांनी जे सांगितलं तेच मी पुस्तकी भाषेत बोलले होते, पण ते माझ्या टाळक्यात शिरलं नाही. चाचा कामावर गेले आणि आईनं वाफा तसाच ठेवला.

दसऱ्याच्या दोन दिवस आधी आई फुलं तोडायला त्या ओळींत शिरली आणि वाफा तिच्यासकट खाली गेला. पुरुषभर खोल. मी बांधावरून नुसती ओरडत राहिले. चाचांनीच दोर सोडून माणसं उतरवली आणि तिला वर काढलं. खुबा मोडला होता.

अकोल्याच्या दवाखान्यात जो येई तो विचारी, काहून गेली तिकडं? आईचं उत्तर ठरलेलं. "पोरगी जाऊ नको म्हणे. लई सांगतलं तिनं. मीच आयकलं नाही."

चाचा आले तेव्हाही तिनं हेच सांगितलं. ते खाली मान घालून बसले. मी आईची चादर नीट करत राहिले.

आई पुढं लंगडतच जगली, मरेपर्यंत हेच सांगत. मी एकदाही तिला खोटं पाडलं नाही.