सुमनचा आवाज

हे मी सॅमसनकाकांनाही सांगितलेलं नाही — आणि त्यांना तर मी माझ्या मूळव्याधीपासून नवऱ्याच्या घोरण्यापर्यंत सगळं सांगते. तुम्हाला का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही, बहुतेक म्हणूनच.

मी अलिबागजवळ एका शाळेत चित्रकला शिकवते आणि सुट्टीच्या दिवशी सॅमसनकाकांबरोबर कळसूत्री बाहुल्यांचे खेळ करते. आमच्या खेळात दोन गोष्टी आहेत. मूळ कल्पना काकांच्या लेकीची. तिनं अमेरिकेत एक खेळ पाहिला होता — ज्यू लोक आणि तिथले मूळचे चेरोकी लोक, दोघांचंही सगळं हिरावून घेतलं तरी ते कसे तगले, हे एकाच पडद्यावर. काका स्वतः ज्यू. म्हणाले, मग आपल्याकडे काय कमी आहे? त्यांचे पूर्वज नवगावच्या किनाऱ्याला गलबत फुटून लागले. पोथ्या बुडाल्या, माणसं बुडाली. जी उरली त्यांनी तेलाचे घाणे घातले, पण धर्माचा शनिवार पाळायचं, त्या दिवशी घाणा बंद ठेवायचं काही सोडलं नाही. ही पहिली गोष्ट, काकांच्या आवाजात. दुसरी कातकऱ्यांची. दोऱ्या माझ्या हातात, आवाज सुमनचा.

सुमन आमच्या गावामागच्या कातकरवाडीवर राहते. गोष्टही तिच्या आजीचीच. सरकारनं रान बंद केलं, खैराचा काथ काढणं बंद झालं, वाडीत चूल पेटेना. तेव्हा बायकांनी कापलेल्या शेतातली उंदरांची बिळं खणली आणि त्यातल्या भातावर पोरं जगवली. पण बीळ पुरतं रिकामं करायचं नाही, उंदराच्या पिल्लांपुरतं ठेवायचं. शेवटी बाहुली म्हणते, "उंदरानं आमाला जगवलं. आमी त्याला उपाशी ठेवलं न्हाय." एवढंच. सुमन हे अगदी खालच्या आवाजात म्हणायची, आणि वांडातली वांड पोरं गप्प व्हायची. मी इतक्या वेळा ऐकलं, तरी दर वेळी दोऱ्या सोडून ऐकत बसावंसं वाटायचं.

मग काशीदच्या एका रिसॉर्टवरून बोलावणं आलं. शनिवार, मुंबईचे पाहुणे, खेळानंतर सगळ्यांबरोबर जेवण. काका शनिवारी काम करत नाहीत, म्हणून त्यांचा आवाज मी आधीच फोनवर भरून घेतला. खोकला आला तर पुन्हा, शब्द अडला तर पुन्हा. किती जपून!

आणि सुमनला — थांबा, सांगते. सुमनला मी सांगितलं, खेळ रद्द झाला.

का? तिला आणू नका, असं मला कुणीही म्हटलं नव्हतं. सुमन नावाची कुणी बाई आहे, हे रिसॉर्टवाल्याला माहीतही नव्हतं. माझ्याच डोळ्यांपुढे आलं — त्या पांढऱ्या चादरींची टेबलं, त्या झुळझुळीत बायका, आणि माझ्या शेजारी मिश्रीच्या दातांची सुमन. मला लाज वाटली. मी तरी कोण मोठी लागून गेले? मिठागरावरच्या आगऱ्याची पोर. माझी आई एकदा कॉलेजात भेटायला आली आणि तिच्या हाय-न्हायला पोरी ओढण्या तोंडावर धरून हसल्या. ते मी विसरले होते का? नव्हते. तरीही.

त्या संध्याकाळी तिचा आवाज मी काढला. "उंदरानं आमाला जगवलं" म्हटलं आणि कुणीतरी फिसकन हसलं. तिथे आवाज खाली आणता आला असता. नुसतं गप्प राहता आलं असतं. मी काय केलं? चढवला. नाकात बोलले, 'न्हाय' चांगलं लांबवलं, बाहुलीला उंदरामागे उड्या मारायला लावल्या. सगळे खदखदा हसले. मग मी आणखी केलं. खोटं कशाला बोलू — मला बरं वाटत होतं.

टाळ्या संपल्या, दोऱ्या गुंडाळताना मागे पाहिलं. स्वयंपाकघराच्या दारात सुमन उभी होती. खेळ रद्द झाला म्हणून तिनं त्या दिवशी भांडी घासायचं काम धरलं होतं — नेमकं तिथेच. कोपरापर्यंत साबणाचा फेस. मी तिला हाक मारली नाही. आतून कुणीतरी ओरडलं आणि ती गेली. मी जेवायला बसले. पापलेट होतं. चांगलं दोनदा वाढून घेतलं.

पुढच्या खेळाला ती येणार नाही, असं मी धरून चालले होते. आली. शाळेचं पटांगण होतं. नेहमीसारखी पडद्यामागे माझ्या शेजारी बसली. तिची गोष्ट आली, तिनं तोंड उघडलं — आणि आला तो नाकातला आवाज. माझा. तेच लांबवलेलं 'न्हाय'. पोरं खो-खो हसली, मास्तर हसले. वाडीवरची दोन-तीन पोरं होती, ती आधी बाकीच्यांकडे बघून मग हसली. माझ्या हातातली बाहुली नुसती लोंबकळत होती. सुमननं मला कोपरानं ढोसलं, उड्या मारायला लाव म्हणून. मी लावल्या.

खेळ संपल्यावर तिनं विचारलं, "तुमी त्या दिशी हाटेलात काढलात, तसाच काढला. बरोबर आला का, बाई?"

मी तिच्या चेहऱ्यावर राग शोधला. सापडला नाही. टोमणा होता का? की खरंच तिला वाटलं, हेच बरोबर, शिकलेल्या बाईनं केलं म्हणजे असंच करायचं असतं? मला अजून ठरवता आलेलं नाही. नको गं, तुझाच काढ — एवढंच म्हणायचं होतं. पण ते म्हटलं की त्या दिवशीचं सगळंच बोलावं लागलं असतं.

मी म्हटलं, "बरोबर आला."

तेव्हापासून सुमन त्याच आवाजात बोलते.