वडिलांच्या हाताजोगती हातोडी

वडील सैन्यातून निवृत्त होऊन रहिमतपूरला आले, तेव्हापासून घरातली सगळी ठोकाठोक त्यांच्याकडेच होती. गेल्या वर्षी त्यांना अर्धांगाचा सौम्य झटका आला. चालूबोलू लागले, पण उजव्या हाताची पकड सैल राहिली. तरी गोठ्याच्या दाराची जाळी सुटलेली दिसली तसे ते उठले आणि नेहमीची जड हातोडी घेऊन बसले. पहिल्याच घावाला ती निसटून पायाशी पडली. आईनं ती उचलून पिंपामागं ठेवली. त्यानंतर वडील दिवसभर ओट्यावर नुसते बसून राहू लागले. आईनं मला हे फोनवर सांगितलं.

मी कराडला राहते. दुसऱ्या दिवशी हार्डवेअरच्या दुकानात गेले. दुकानदारानं विचारलं, "काय ठोकायचंय?" मी म्हटलं, "ठोकायच्या आधी धरता आली पाहिजे." एकेक हातोडी सैल मुठीत धरून बघितली, त्यातली सगळ्यात हलकी घेतली आणि रहिमतपूरला आले.

वडिलांनी ती हातात घेऊन हलवली. "ही हातोडी हाय का खुळखुळा?"

आई म्हणाली, "आवं, जाळीला बारीक चुका मारायच्या. त्याला जड कशाला पायजे?"

त्यांनी दांड्याला सायकलची जुनी ट्यूब गुंडाळून घेतली. आई पकडीत एकेक चूक, म्हणजे बारीक खिळा, धरायची आणि ते टुकटुक ठोकायचे. काही चुका वाकड्या गेल्या. दार व्हायला सकाळ गेली, पण मध्ये मदतीला हात घालायचं माझं धाडस झालं नाही.

मग त्यांचं लक्ष कालवडीच्या हललेल्या खुंट्याकडं गेलं. नवी हातोडी बाजूला ठेवून ते म्हणाले, "हितं ही न्हाई चालायची. जड काढ."

आईनं पिंपामागून हातोडी आणली, पण त्यांच्या हातात दिली नाही. पदर खोचला. "तुमी खुंटा धरा."

"आणि मारणार कोण?"

"इतकी वर्सं तुमी मारलं, मी धरलं. आता मी मारते."

वडील खाली बसले आणि डाव्या हातानं खुंटा लांबून धरला. आईचा पहिला घाव तिरका बसला.

"दांडा शेवटाला धर. जोर तुझा नगं, हातोडीचा लागू दे."

पुढचे घाव नीट बसले. खुंटा घट्ट झाला तशी आई धापा टाकत थांबली. वडील तिच्याकडं बघत हसले.

"लय जोर हाय की गं तुझ्यात. कवा सांगितलं न्हाईस."

"तुमी कवा हातोडी सोडलीत?" असं म्हणत आईनं त्यांना हात देऊन उठवलं.